बाबांचे पाय उंबऱ्याशी थिजतात. एआर चष्मा वापरलेलं कुणी आहे का?

रावपुऱ्याची_मेघना

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. विषय घरचा आहे, त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

माझे बाबा ७१ वर्षांचे. सहा वर्षांपूर्वी कंपवाताचं निदान झालं. हाताचा कंप गोळ्यांनी बराच आटोक्यात आहे. पण गेल्या वर्षभरात नवीनच सुरू झालंय. चालता चालता पाय एकदम जमिनीला चिकटतात. आमचं घर बडोद्याच्या दांडिया बाजारातलं जुनं, प्रत्येक खोलीला उंबरा. माजघरातून स्वयंपाकघरात जाताना हमखास अडकतात. परवा हातात दुधाची पिशवी होती. उंबऱ्याशी आले आणि थांबले. टाचा उचललेल्या, चवडे जागच्या जागी थरथरतायत, वरचं अंग पुढे झुकलेलं. मी "चला ना बाबा" म्हणत राहिले आणि ते म्हणाले, "अगं मी चालतोच आहे, पाय ऐकत नाहीत." मिनिटभर तसेच. शेवटी पिशवी मी घेतली तेव्हा पाऊल सुटलं.

गंमत म्हणजे हेच बाबा जिना धडाधड चढतात. शेजारच्या मासी तर म्हणाल्या, "काका नाटक करतात का?" मला फार लागलं ते.

आता मूळ प्रश्न. शहरातल्या एका नव्या सेंटरमध्ये एआर चष्मा दाखवला. डोळ्याला लावला की खरी खोली दिसते आणि तिच्याच जमिनीवर निळ्या आडव्या पट्ट्या दिसतात. बाबा त्या पट्ट्या ओलांडत सरळ चालत गेले, दारातूनसुद्धा! मला रडू आलं. वीस सेशनचं पॅकेज २८ हजार सांगतायत, आणि चष्मा विकत हवा तर वेगळे. घ्यावं का? कुणाला अनुभव?

सुरसागर_७२

मेघनाताई, वाचून गलबललो. अनुभव नाही, पण धाग्यावर लक्ष ठेवून आहे. एक बाळबोध प्रश्न: एआर आणि व्हीआर एकच ना?

निखिल_इंदूर

@सुरसागर काका, एक नाही. व्हीआरमध्ये डोळे पूर्ण झाकतात, बाहेरचं काही दिसत नाही, सगळं जगच खोटं. एआरमध्ये खरं जग तसंच दिसतं आणि त्यावर एखादी रेघ, बाण, चेंडू वगैरे चिकटवलेलं दिसतं. ज्यांना पडायची भीती आहे त्यांना उभं राहून चालायला लावताना हा फरक फार मोठा. स्वतःचे पाय दिसायला हवेत.

मी याच धंद्यात आहे, संध्याकाळी सविस्तर लिहितो.

फिजिओ_मानसी

मेघना, सगळ्यात आधी शेजारच्या मासींना सांग की काका अजिबात नाटक करत नाहीत. जिना चढता येणं आणि सपाट जमिनीवर अडकणं हे या आजाराचं अगदी ओळखीचं लक्षण आहे.

आपण चालताना पाऊल मोजत नाही. ते काम मेंदूच्या आतले बेसल गँग्लिया नावाचे भाग परस्पर उरकतात. कंपवातात तिथली डोपामिनची (मेंदूतल्या निरोप्या रसायनाची) व्यवस्था ढासळते आणि हे आपोआप चालणं अडखळतं. पण डोळ्यासमोर ओलांडायला काही आलं, की मेंदू दुसरी वाट धरतो: पाहून, ठरवून टाकलेलं पाऊल. जिन्याची प्रत्येक पायरी म्हणजे एक आडवी रेघच. पर्डन मार्टिन या ब्रिटिश न्यूरॉलॉजिस्टने १९६७ सालच्या पुस्तकात जमिनीवरच्या आडव्या रेघांचा हा परिणाम लिहून ठेवलाय. म्हणजे तुझ्या बाबांना त्या चष्म्यात ज्या पट्ट्या दिसल्या त्यामागची युक्ती पन्नास वर्षांहून जुनी आहे. चष्म्याने ती फक्त जमिनीवरून उचलून डोळ्यावर आणली.

अडकण्याच्या ठरलेल्या जागा असतात: दार, अरुंद बोळ, वळण, गर्दी. आणि हातात काही असलं किंवा कुणी बोलत असलं की जास्त. दुधाची पिशवी घेतल्याबरोबर पाऊल सुटलं, ते म्हणूनच.

म्हणून पैसे भरायच्या आधी एक कर. हार्डवेअरच्या दुकानातून फरशीच्या विरुद्ध रंगाची चिकटपट्टी आण. उंबऱ्याच्या अलीकडे चार आणि पलीकडे चार आडव्या पट्ट्या लाव, बाबांच्या एका पावलाएवढं अंतर ठेवून. उभ्या नकोत, आडव्याच. दोन आठवडे बघ. रोज किती वेळा अडकतात ते लिहून ठेव. आणि गोळी घेतल्यावर किती वेळाने अडकतात तेही लिही. गोळीचा असर उतरल्यावरच अडकत असतील तर आधी न्यूरॉलॉजिस्टशी वेळापत्रकाबद्दल बोलायला हवं, चष्म्याचा नंबर त्याच्या नंतर.

आणि एक विनंती. अडकले की हात धरून ओढू नका, "चला चला" करू नका. थांबू द्या. मग वजन डावीकडे, उजवीकडे, डावीकडे असं झुलवायला सांगा आणि मोठं पाऊल टाकायला लावा.

रावपुऱ्याची_मेघना

मानसीताई, "चला चला" मी रोज करते. आजपासून बंद. पट्टी उद्याच आणते.

कारेलीबाग_काका

मी जरा उलट बोलणार आहे. या यंत्रांचा गवगवा फार होतो. टोरोंटोच्या सॅपोस्निक यांच्या गटाने अर्धांगवायूच्या १४१ रुग्णांवर एक चाचणी केली होती, २०१६ मध्ये लॅन्सेट न्यूरॉलॉजी या वैद्यकीय नियतकालिकात आली. अर्ध्यांना व्हिडिओ गेमचं यंत्र दिलं, हात हलवत खेळायचं. अर्ध्यांना साधे खेळ: पत्ते, बिंगो, जेंगा, चेंडू. दोन आठवडे, दहा तास. हाताच्या सुधारणेत दोन्ही गटांत फरक नाही! पत्ते खेळणारे तितकेच सुधारले.

माझी बायको चार वर्षांपूर्वी लकव्याने आजारी पडली. उजवा हात गेला होता. मी रोज दुपारी तिच्याशी बदाम सात खेळलो. पानं तिनेच पिसायची आणि तिनेच वाटायची हा नियम. पहिला महिना पानं फरशीवरच असायची, मी वाकून वाकून गोळा करायचो. आज ती भाकरी थापते.

अलकापुरी_शर्वरी

काका, काकूंना नमस्कार सांगा. आणि तुम्ही हरायचात की मुद्दाम हरायचात?

कारेलीबाग_काका

शर्वरी, पहिले दोन महिने मुद्दाम. नंतर खरोखर.

विश्वामित्री

काकांशी अर्धी सहमत. माझ्या आईला डाव्या बाजूचा अर्धांगवायू झाला तेव्हा एका ठिकाणी टॅबलेटवर एआरचे खेळ घेत. टॅबलेट स्टँडवर, खाली खरं टेबल, आणि पडद्यावर त्याच टेबलावर संत्री-सफरचंदं दिसायची. हात नेऊन ती उचलायची. आई खूश असायची, घरी येऊन किती संत्री झाली ते सांगायची. त्या आनंदाची किंमत मी कमी करणार नाही, कारण त्याआधी तिने तीन आठवडे व्यायामाला तोंड फिरवलं होतं.

पण तिथे एक फार चुकलं. आईला खेळासमोर बसवून मुलगी दुसऱ्या पेशंटकडे जायची. आई खांदा वर उचलून, पूर्ण अंग वाकवून हात न्यायची. खेळाला काय, हात पोचला की संत्रं मिळालं! दीड महिन्यात खांदा इतका दुखायला लागला की हात सगळाच थांबला. दुसऱ्या फिजिओंनी बघितल्याबरोबर सांगितलं, चुकीची सवय लागली आहे. म्हणून मेघना, तिथे जाशील तेव्हा एवढंच बघ: बाबांच्या अंगाकडे बघणारं माणूस पूर्ण वेळ शेजारी उभं आहे का.

फिजिओ_मानसी

@विश्वामित्री, अगदी नेमकं. खांद्याची ही तक्रार मी नेहमी बघते.

@काका, तुम्ही दिलेली चाचणी बरोबर आहे, पण माझा निष्कर्ष थोडा वेगळा. तिथे यंत्र हरलं नाही, पत्ते जिंकले. दोन्हीकडे हात भरपूर हलला. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन ही संस्था एका विषयावरच्या सगळ्या चाचण्या एकत्र तपासते) ७२ चाचण्या आणि २४७० रुग्ण एकत्र पाहिले. नेहमीचा व्यायाम काढून त्याजागी व्हीआर दिलं तर हाताला जास्त फायदा दिसला नाही, पण नेहमीच्या व्यायामाच्या जोडीला जास्तीचा वेळ म्हणून दिलं तर फायदा दिसला.

आकडे सांगते म्हणजे लक्षात येईल. अमेरिकेत कॅथरीन लँग यांनी प्रत्यक्ष सेशनमध्ये बसून मोजलं होतं: एका सेशनमध्ये लुळ्या हाताच्या उपयोगी हालचाली सरासरी ३२. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसतो तो दिवसाला शेकड्यांनी आवर्तनं झाल्यावर. आमच्याकडे तर एका फिजिओमागे पेशंटची रांग. संत्री गोळा करताना आईचे दोनशे हात झाले तर ते मला हवेच आहेत, फक्त सरळ खांद्याने.

आणि "घरच्यांना शिकवलं की झालं" असंही नाही. भारतातच १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर अटेंड नावाची चाचणी झाली, नातेवाइकांना शिकवून घरी व्यायाम. २०१७ मध्ये निकाल आला, नेहमीच्या उपचारापेक्षा फरक पडला नाही. घरचं माणूस आधीच दमलेलं असतं हो. त्याच्यावर सगळा भार टाकून चालत नाही, हे मी रोज दारात उभ्या असलेल्या सुनांच्या आणि मुलींच्या चेहऱ्यावर बघते.

मंजुषा_ग्वाल्हेर

आरशाचा उल्लेख कुणीच कसा केला नाही? नव्वदच्या दशकात व्ही. एस. रामचंद्रन यांनी हात कापलेल्या माणसांसाठी साधा आरसा वापरला. चांगला हात आरशात दिसतो आणि मेंदूला वाटतं गेलेला हात हलतोय. पुढे अर्धांगवायूतही तेच वापरायला लागले. माझ्या आत्याच्या हातासाठी आम्ही जुन्या कपाटाचा आरसा काढून टेबलावर उभा केला होता. पहिल्या दिवशी आत्या आरशातल्या हाताकडे बघून म्हणाली, "हा आला बघ परत." ते वाक्य अजून कानात आहे.

आता हेच चष्म्यातून करतात म्हणे, लुळ्या हाताच्या जागी हलणारा हात दाखवून.

निखिल_इंदूर

लिहितो म्हणालो होतो, उशीर झाला.

चष्म्यातले कॅमेरे खोली सतत मोजत असतात. जमीन कुठे, भिंत कुठे, डोकं किती वळलं. त्यावरून पट्टी फरशीवर खिळवतात, म्हणजे तुम्ही हललात तरी पट्टी जागची हलत नाही. प्रकाश कमी असेल किंवा गुळगुळीत एकरंगी फरशी असेल तर कॅमेऱ्याला धरायला खूण मिळत नाही आणि पट्टी सरकते. तोल जाणाऱ्या माणसासमोर पट्टी सरकणं बरं नाही.

दुसरं, चित्र दिसायची चौकट. मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स २ हा एआर चष्मा बाजारात आला २०१९ मध्ये, वजन ५६६ ग्रॅम, किंमत साडेतीन हजार डॉलर, म्हणजे तेव्हाचे अडीच लाख रुपये. इतकं असूनही चित्र समोरच्या मर्यादित तुकड्यातच दिसतं. पायाजवळची पट्टी बघायला मान खाली घालावी लागते. कंपवाताच्या माणसाची मान आणि पाठ आधीच वाकलेली. सेंटरमध्ये हे मुद्दाम बघा.

तिसरं आणि महत्त्वाचं: विकत घेऊ नका. होलोलेन्स २ चं उत्पादन २०२४ मध्ये बंद झालं. त्याआधी त्यांचंच किनेक्ट, अंगाची हालचाल टिपणारा कॅमेरा, गेलं. कितीतरी ठिकाणी व्यायामाचे प्रोग्राम त्यावर बसवले होते, सगळं बाजूला ठेवावं लागलं. या क्षेत्रात यंत्र माणसाच्या आजारापेक्षा लवकर म्हातारं होतं. भाड्याने मिळत असेल तर बघा.

सुरसागर_७२

थोडं अवांतर, पण कंपवातावर आमच्याकडे खाजकुइलीचं बी देतात, गुजरातीत कौचा. ते देऊन बघायला हरकत नसावी?

फिजिओ_मानसी

काका, हरकत आहे, आणि कारण असं की ते खरंच काम करतं. खाजकुइलीत लेव्होडोपाच असतं, गोळीतलंच औषध. आधीच गोळी चालू असताना वरून मापाशिवाय तेच दिलं तर अंग वेडंवाकडं हलायला लागतं, रक्तदाब उतरतो. न्यूरॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय चिमूटभरही नको.

सुरसागर_७२

बरं झालं विचारलं. आमच्या मेव्हण्यांना आजच फोन करतो, ते घेतायत.

मकरपुरा_श्रीधर

माझा अनुभव वेगळ्या आजाराचा आहे, पण एआरशी जुळतो.

वडिलांना मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आला. हातपाय महिन्यात बऱ्यापैकी सुधारले. आम्ही निश्चिंत. पण ताटात रोज चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड तशीच उरायची. आईला वाटलं तोंडाची चव गेली. बायकोने कोशिंबिरी बदलून पाहिल्या: काकडी, गाजर, खमंग फोडणीची. तशाच. एक दिवस माझ्या लहान मुलीने ताट चुकून उलटं वाढलं, भाजी डावीकडे आणि कोशिंबीर उजवीकडे. आजोबांनी कोशिंबीर संपवली आणि भाजीला हात लावला नाही! तेव्हा आम्हाला कळलं की ताटाची डावी बाजू त्यांच्यासाठी नव्हतीच. डोळे उत्तम होते, मेंदू डावीकडे बघत नव्हता. दाढीसुद्धा उजव्या गालाचीच करायचे.

डॉक्टर म्हणाले याला निग्लेक्ट म्हणतात. त्यांच्याकडे एआर चष्मा लावून डाव्या कडेला चमकता ठिपका दाखवत आणि तो हळूहळू आणखी डावीकडे नेत. जोडीला घरी ताटाच्या डाव्या कडेला लाल रिबन चिकटवायला सांगितली. नियम एकच, लाल दिसेपर्यंत नजर न्यायची. सात आठवड्यांनी ते म्हणाले, "आज मीठ कुणी वाढलं नाही?" मीठ वाढलेलं नव्हतंच. डावीकडची रिकामी जागा त्यांना दिसली होती. आई स्वयंपाकघरात जाऊन रडली.

अलकापुरी_शर्वरी

श्रीधरदादा, हे वाचून थोडा वेळ काही सुचलंच नाही. आपल्या ताटातलं डावं-उजवं असं उपयोगी पडेल हे कधी मनातही आलं नव्हतं.

मेघना, ताल विसरू नकोस. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये २००१ पासून कंपवाताच्या लोकांचे नृत्याचे वर्ग चालतात, पुण्यातही झाले. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळाशी बोल, फार माणुसकीचे लोक आहेत. आणि आपण तर बडोद्याचे! दोन ताळीचा गरबा लावून बघ, पाय आपोआप उचलतात का ते.

कारेलीबाग_काका

बाबा दांडिया बाजारातले म्हणजे जुम्मादादा व्यायाममंदिरात गेले असतीलच लहानपणी. लेझीम खेळलेत का विचार.

रावपुऱ्याची_मेघना

तीन आठवड्यांनी परत आले. बरंच झालं मधल्या काळात, एकेक सांगते.

पिवळी पट्टी लावली. स्वयंपाकघराच्या दारात चार अलीकडे, चार पलीकडे. भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकोनात मी रोज रेघा मारते. पट्टीआधी दिवसाला सरासरी अकरा वेळा अडकायचे, आता चार-पाच. हे चार-पाच बहुतेक दुपारी, गोळीची वेळ व्हायच्या आधी. मानसीताई, तुम्ही म्हणालात तसंच. न्यूरॉलॉजिस्टना तो कॅलेंडरचा कागद दाखवला, त्यांनी वेळा बदलून दिल्या.

काका, तुमचा प्रश्न विचारला. बाबा खेळलेत, पुढच्या रांगेत होते! विचारल्याबरोबर माळ्यावर ठेवलेली लेझीम काढायला लावली. गंजलेली, चार चकत्या गळालेल्या. हातात धरून खेळणं आता जमत नाही, मीच वाजवते. पहिल्या दिवशी मी घाईत वाजवली तर रागावले, "हलगीवर चाललीयेस का मिरवणुकीत? चार आकडे सावकाश." मग स्वतः मोजलं, एक-दोन-तीन-चार, आणि चौथ्याला उंबरा ओलांडला. आता बाथरूमकडे जाताना मी नसले तरी तोंडाने मोजल्याचं ऐकू येतं.

चष्म्याचं. पॅकेज नाही घेतलं, सुटे पैसे भरून दोन सेशन केली. निखिलदादा, तुम्ही सांगितलेलं सगळं दिसलं. बाबा पूर्ण वेळ खाली बघत होते, मान अवघडली. त्यांच्या नंबरच्या चष्म्यावर तो नीट बसत नव्हता. वळताना पट्ट्या दिसेनाशा झाल्या आणि नेमकं वळतानाच अडकले. पण एक गोष्ट खरी. सेंटरच्या बाहेरच्या अनोळखी पॅसेजमध्ये, जिथे ना पट्टी ना लेझीम, तिथे चष्मा लावून ते भरभर चालले. मग माझ्या लक्षात आलं, घराला चष्मा नकोच आहे. घराला मी पट्टी लावू शकते. मंगळ बाजाराला नाही लावू शकत.

बाबांची एकच इच्छा आहे, कामाटीबागेत फुलांच्या घड्याळापर्यंत पुन्हा चालत जायचं. आईबरोबर रोज जायचे. त्यासाठी सेंटरला विचारलंय की महिन्यातून चार सकाळी चष्मा भाड्याने आणि बरोबर त्यांची फिजिओ मिळेल का. बघू, विचारून सांगतो म्हणालेत.

विश्वामित्री

फिजिओ बरोबर मागितलीस ते फार छान केलंस.

फिजिओ_मानसी

बागेत पहिल्या दिवशी चष्म्याशिवाय नुसतं मोजून किती जमतं तेही बघ. आणि सकाळी गोळीचा असर चांगला असताना ने, गर्दीच्या आधी.

रावपुऱ्याची_मेघना

हो ताई. आता एक अगदी साधी अडचण. फरशी पुसली की पट्टीच्या कडा सुटतात. दर चार दिवसांनी नवी लावते. काल एक कड वर आलेली बाबांच्या चपलेत अडकली, पडता पडता वाचले. फरशी पुसणाऱ्या कमलबेनना तेवढा भाग पुसू नका म्हटलं तर त्यांना ते पटत नाही. काही टिकाऊ उपाय?

कारेलीबाग_काका

आधी सुटलेल्या सगळ्या पट्ट्या आजच काढून टाक. मग गाड्यांचे नंबर कापून देणाऱ्या रेडियमवाल्याकडे जा. पिवळं रेडियम दोन इंची पट्टीत कापून मागायचं. फरशी आधी साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करायची, पट्टी लावून वाटीच्या बुडाने घासून बसवायची, आणि कोपरे गोल कापायचे, चौकोनी ठेवायचे नाहीत. गोल कोपरा लवकर उचलत नाही. आमच्याकडे बाथरूमच्या दारात दोन वर्षं टिकलंय. रात्री उठल्यावर टॉर्चच्या उजेडात चमकतं, तेही बाबांच्या कामाला येईल.